केळशीच्या टेकडीच्या पोटात शिंपले कसे चढले?

रविवारकर
जोडून सुट्टी आली म्हणून पुण्याहून दापोली तालुक्यातल्या केळशीला जाऊन आलो. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे आंबेत, मंडणगड आणि मग तो शेवटचा वळणावळणाचा रस्ता. कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघालो, जेवायला केळशीत. उकडीच्या मोदकांवर वेगळा धागा काढावा लागेल, तूर्त ते बाजूला ठेवतो.

खाडीच्या मुखाशी वाळूची टेकडी आहे. पुणेकराला टेकडी म्हटलं की हनुमान टेकडी नाहीतर वेताळ टेकडी आठवते, खाली काळा दगड आणि वर गवत. इथे सगळी वाळूच. वर झाडोरा माजलाय, पण एका बाजूला ती खरवसाची वडी कापावी तशी उभी कापली गेली आहे. त्या कापात थर दिसतात. बरीच उंची नुसती पिवळट वाळू, मग काळपट पट्टा, खापराचे तुकडे, आणि एका ठिकाणी शिंपल्यांची ओळच्या ओळ. मी हात वर करून उभा राहिलो तरी पोचणार नाही इतक्या उंचावर.

वाळू वाऱ्याने येते हे शाळेत शिकलोय. पण अख्खा जाड शिंपला वारा कसा उचलेल? बायको म्हणाली, "सुट्टीतही तुझं ऑडिट चालू." पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. कोणी सांगेल का?

अण्णा_शनिवार
यात गूढ काही नाही. वर वस्ती असणार. लोकांनी तिसऱ्या-कालवं खाल्ली आणि कवचं फेकली. आमच्या वाड्यामागे खणलं तर कोंबडीची हाडं निघतील, त्यावरून शनिवार पेठेत कोंबड्यांचा पूर आला होता असं ठरवाल काय?

जांभा_चिरा
केळशीकर हजर. घर अजून तिथेच, पोटासाठी कर्वेनगर.

लहानपणी आम्ही त्या टेकडीवरून सुपारीच्या विरीवर बसून घसरायचो, आता लाज वाटते. ती नुसती 'टेकडी' म्हणूनच ओळखली जायची. मग डेक्कन कॉलेजची पुरातत्त्ववाली माणसं येऊन भिंत साफ करायला लागली, ब्रशने. गावात कुतूहल की हे लोक वाळू झाडताहेत कशाला. प्रा. अशोक मराठे यांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. खापरं, हाडं, कोळसा, सगळं मोजून नोंदवून नेलं.

रविवारकर, तुम्ही भिंतीला हात लावला नाहीत ना? वाळू कोरडी असली की वरून अख्खा लोट येतो.

रविवारकर
नाही हो. मुलगा लावणार होता, बायकोने कॉलर धरली.

नीता_भू
धागा उशिरा बघितला. भूशास्त्र शिकवते म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

आधी वाळू कशी चढते ते बघू. ओहोटीला पुळण उघडी पडते, वरचा थर वाळतो. वारा समुद्राकडून. वाळूचा कण हवेत तरंगत जात नाही, तो उड्या मारत जातो. पडला की दुसऱ्या कणाला टपली मारतो, तो उडतो. गुडघ्याच्या खालीच हा खेळ चालतो. पुळणीवर संध्याकाळी चालताना पोटऱ्यांना टोचतं ना, तेच. वाटेत मर्यादवेल किंवा रावणाच्या मिशा, म्हणजे वाळूत वाढणारी वेल नाहीतर गवत, आलं की वाऱ्याचा जोर मोडतो आणि कण तिथेच बसतो. वेल वाळूखाली गाडली जात नाही, ती वर वाढते. पुन्हा वाळू अडते, पुन्हा वेल वर. वाळू आणि वेल यांची ही चढाओढ शतकानुशतकं चालली की टेकडी होते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर थांबत नाही, घसरते. म्हणून उभा काप दिसला की समजायचं, इथे पाण्याने किंवा माणसाने हात मारलाय, आणि तो फार दिवस टिकणारा नाही.

आता शिंपले. तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. उड्या मारणाऱ्या कणाचा आकार मिलिमीटरच्या आत. वारा शिंपल्याचा चुरा नेईल, अख्खा शिंपला नाही. मग उरतात माणूस, पक्षी, शंखातला खेकडा आणि पाणी.

अण्णांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. कोकणच्या किनाऱ्यावर माणूस हजारो वर्षं शिंपले खात आलाय, आणि तिथे वस्ती होती हे खापरांवरून उघड आहे. पण जेवणाच्या उकिरड्यात खाण्याजोग्या जातीच जास्त सापडतात, आकारही बऱ्यापैकी मोठे, सोबत राख, जळकी हाडं. आणि उकिरडा ढिगासारखा असतो, मध्ये जाड, कडेला पातळ. पाण्याने आणलेल्या थरात सगळी सरमिसळ असते. लहान, मोठे, खाता न येणारे, शिवाय डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म सागरी जीव, ज्यांना कोणी रस्सा करून खाल्लेलं नाही.

अण्णा_शनिवार
पाणी म्हणजे वादळाचंही असेल. लगेच त्सुनामीवर उडी नको. हल्ली सगळ्यांना प्रलय हवा असतो.

नीता_भू
अण्णा, मी अजून तो शब्द काढलाही नव्हता! पण आता तुम्हीच काढलात, तर ऐका.

वादळाच्या लाटा दर काही सेकंदांनी येतात, थोडी थोडी वाळू टाकतात. त्यामुळे थरात पापुद्रे दिसतात, खारीसारखे. त्सुनामीत एकेक लाट म्हणजे कित्येक मिनिटं आत घुसतच राहणारं पाणी. ते खालची जमीन खरवडतं, म्हणून थराची खालची कडा चाकूने कापल्यासारखी असते, आणि जुन्या मातीची ढेकळंही थरात अडकलेली सापडतात. पाणी थांबलं की जड आधी बसतं, हलकं नंतर. यातली एकच खूण बघून निकाल देता येत नाही. जगभर या विषयावर भांडणं चालू आहेत, तुमचा संशय योग्य पंक्तीत बसतो.

केळशीतला एक थर मोठ्या लाटांनी आणला असावा असं मराठे सरांचं म्हणणं होतं. मग २०२१ साली भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी तो सागरी वाळूचा थर १५२४ सालच्या त्सुनामीशी जोडला, आणि उगम म्हणून मकरानच्या किनाऱ्याकडे, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणसमोरच्या समुद्रतळाकडे बोट दाखवलं.

मोडीवाचक
१५२४ वाचून थांबलो. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला ते हेच साल, या खेपेला व्हाइसरॉय होऊन. सप्टेंबरात त्याचं आरमार दाभोळच्या आसपास असताना वारा पडलेला, आणि अचानक जहाजं थरथरायला लागली. खलाशांना वाटलं खडकावर आपटलो, पाण्याची खोली मोजायला दोऱ्या सोडल्या. पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलंय की गामाने माणसांना धीर दिला, घाबरू नका, समुद्र आपल्याला घाबरून कापतोय. माणूस पक्का! डिसेंबरात कोचीनला वारला, नाताळच्या आदल्या दिवशी.

दाभोळ ते केळशी आकाशमार्गे फार लांब नाही. म्हणजे एका बाजूला डेकवरच्या माणसाची नोंद, दुसऱ्या बाजूला वाळूतली.

अण्णा_शनिवार
नोंद थरथरण्याची आहे. किनाऱ्यावर पाणी चढल्याची आहे का?

नीता_भू
हा नेमका प्रश्न! खोल पाण्यात त्सुनामीची लाट जहाजाला जाणवतही नाही, त्यामुळे तिथल्या खलाशाकडून ती अपेक्षा करता येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने लिहिलेलं हवं. म्हणूनच वाळूचा थर मोलाचा, कागद नाही तिथे तोच साक्षीदार. आणि मकरान काही कपोलकल्पित नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे ८ च्या वरचा भूकंप झाला, लाटा मुंबईपर्यंत पोचल्या आणि तिथे माणसं दगावली. माझा कल १५२४ कडे आहे. पण एका जागच्या थरावर शपथ घेणार नाही, किनाऱ्यावर आणखी दोन-चार ठिकाणी त्याच वयाचा थर मिळाला तर घेईन.

अण्णा_शनिवार
बरं. निम्मा पटलो. उकिरडा मागे घेत नाही.

दुचाकीवरून
लोकहो, इतकं वाचून जायची इच्छा झाली. मी बाइकने. दोन मुक्काम करता येतील. केळशीला जोडून काय बघू? नुसते बीच नकोत, कडे हवेत.

जांभा_चिरा
मग आंजर्ले. कड्यावरचा गणपती. गाडी आता वरपर्यंत जाते, पण तुम्ही गावातून पाखाडीने चढा, जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी आगरं. वर पोचलात की खाली आंजर्ल्याची पुळण, नारळी, आणि दक्षिणेला पाण्यात सुवर्णदुर्ग. सकाळी जा, दुपारी समुद्र नुसता चकाकतो, काही दिसत नाही.

तिथली कथा या धाग्यात बसणारी आहे. मूळ देऊळ खाली किनाऱ्याशी होतं, समुद्र आत आला तेव्हा गणपतीने एक पाऊल टाकलं आणि तो डोंगरावर गेला. ते पाऊल अजून दाखवतात, छोटं देऊळ बांधलंय त्याला. आजी सांगायची तेव्हा आम्हाला देवाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, समुद्र आत आल्याची आठवण कुणाला तरी होती.

रविवारकर
अरे, हे वाचून काटा आला. म्हणजे १५२४ चीच आठवण?

नीता_भू
थांबा थांबा. समुद्र आत येण्याच्या कथा सगळ्या किनाऱ्यांवर आहेत. पुळण एका पावसाळ्यातही खचते, आणि दहा-वीस वर्षांत किनारा एखाद्या वाडीपुरता आत सरकू शकतो. त्याला त्सुनामी लागत नाही. फार मागे गेलात तर सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, म्हणजे किनारा कितीतरी पश्चिमेला. कथेला साल चिकटवू नका. जांभा_चिरा यांच्या आजीने चिकटवलं नव्हतं, तेच शहाणपणाचं.

मोडीवाचक
सुवर्णदुर्गाचा विषय निघाला म्हणून एक अवांतर. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेताना पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, कमोडोर विल्यम जेम्स. तो पुढे विलायतेत मेला, आणि त्याच्या बायकोने १७८४ साली लंडनजवळच्या टेकडीवर त्याच्या आठवणीत मनोरा बांधला, नाव 'सेव्हर्नड्रूग'. उच्चाराची वाट लावली, पण आपला सुवर्णदुर्गच तो. पेशव्यांनी स्वतःच्या हाताने आंग्र्यांचं आरमार मोडलं, यावर मला बोलायला लावू नका.

अण्णा_शनिवार
नका बोलू. धागा हजारी होईल.

वैशाली_एन
दुचाकीवरून, हरिहरेश्वरही करा. तिथून बागमांडल्याला या, फेरीबोटीत बाइक घाला, पलीकडे वेश्वीला उतरलात की बाणकोट. इंधन वाचतं आणि खाडी फुकट बघायला मिळते.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग मात्र ओहोटीलाच. देवळामागून चढून दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरतात, खाली खडकाचा सपाट ओटा आणि समोर समुद्र. आम्ही गेलो तेव्हा भरती लागत होती. पाटी वाचूनही आमच्यातले दोघे सेल्फीसाठी कडेला गेले. लाट मोठी नव्हती. पण ओल्या शेवाळावर एकाचा पाय सरकला, हनुवटी फुटली, आणि दवाखाना शोधत श्रीवर्धनपर्यंत फिरलो. नशीब म्हणून हनुवटीवर निभावलं. भरतीची वेळ पंचांगात मिळते, मोबाइलवर मिळते, देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडे तर हमखास मिळते.

दुचाकीवरून
नोंद केली. तिथल्या कड्याला ती भोकं भोकं काय आहेत? फोटोत मधमाश्यांचं पोळं वाटतं.

नीता_भू
मीठ. लाटांचे तुषार बेसाल्टच्या बारीक भेगांत शिरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाचे कण सुटे करतात. एकदा खळगी पडली की आत सावली, ओल जास्त वेळ टिकते, खळगी आणखी खोल जाते. मधल्या भिंती उरतात, म्हणून पोळं. दगड तोच, जो आपल्या सिंहगडाखाली आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सिंहगडावर त्याला पाऊस खातो, इथे मीठ.

आणि ज्या सपाट ओट्यावर हनुवटी फुटली, तोही लाटांनीच तासलेला. कडा खालून पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि मागे ओटा उरतो. हेदवीची बामणघळ ही त्याचीच धाकटी बहीण. खडकातली कमकुवत चीर लाटांनी कोरत नेली. भरतीला पाणी त्या अरुंद घळीत कोंडतं आणि तोफेसारखं वर उसळतं.

सडेकर
मी राजापूर तालुक्यातला. दापोलीचं कौतुक पुरे, जरा दक्षिणेला या! आमच्याकडे कड्यावर जांभ्याचा सडा असतो, पावसाळा सोडला तर उजाड, काळा, तव्यासारखा तापलेला. त्यावर कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, पोटात इतर प्राणी कोरलेले. जवळ उभं राहिलात तर नुसत्या रेषा, हत्ती कळतच नाही. बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस. देवाचे गोठण्याला एके जागी होकायंत्र भलतीकडे फिरतं, स्वतः बघितलंय. यातल्या नऊ जागा २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आठ आपल्या आणि एक गोव्याची.

कशेळीला त्याच फेरीत कनकादित्याचं देऊळ बघा, सूर्याचं. शके १११३ चा शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट त्याच्याकडे आहे. आणि देवघळीचा कडा. सूर्याची मूर्ती जहाजातून आली आणि त्या घळीत सापडली असं सांगतात. तिथे संध्याकाळी उभे राहिलात की खाली लाट फुटते आणि आवाज थोड्या वेळाने वर येतो.

दुचाकीवरून
सड्यावर बाइक नेता येते का?

सडेकर
येते, म्हणूनच सांगतो नेऊ नका. बाइक रस्त्यावर, चपला चित्राबाहेर. आमच्या गावच्या पोरांनी भोवती चिरे लावलेत, तेवढ्यावर भागतंय.

जांभा_चिरा
चपलांवरून आठवलं, टेकडीवर परत येतो. लोक आता वर चढून खाली लोळत येतात, रील काढतात. मर्यादवेल तुडवली की जागा उघडी पडते, वारा तिथून वाळू उपसतो आणि खड्डा वाढत जातो. आम्हीही घसरलोय, मान्य. पण आम्ही सहा पोरं होतो, सुट्टीत दिवसाला सहाशे येतात. आणि कोणीतरी कधीतरी ट्रॅक्टर लावतोच. नाव घेत नाही, गावात राहायचंय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची निम्मी सुपारी आडवी झाली. नारळ तर काडीसारखे मोडले. वडील तेव्हा एकच म्हणाले, पुळणीमागची वाळू आहे तोवर पाणी तरी घरात येत नाही. वाऱ्याला काय, तो कुठूनही येतो.

नीता_भू
वडील बरोबर बोलले. टेकडी म्हणजे पुळणीची ठेव. मोठ्या लाटा पुढचा भाग ओढून नेतात, ती वाळू पाण्याखाली बांधासारखी पसरते, पुढच्या लाटा लांबच फुटतात, आणि शांत दिवसांत ती हळूहळू परत येते. मागे भिंत बांधली की हा व्यवहारच बंद. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. कागदावर तरी.

वैशाली_एन
केळशी-हर्णै भागात किनाऱ्यालगत वाळू-शिंपल्यांचा दगड झालेला दिसतो, बोटाने शिंपला जाणवतो. तो काय?

जांभा_चिरा
करळ म्हणतात त्याला. जुन्या बांधकामात वापरायचे.

नीता_भू
शिंपल्यांतला चुना पाण्यात थोडा विरघळतो आणि वाळूच्या कणांमध्ये पुन्हा साखळतो, सिमेंटसारखा. घरी करून बघण्याजोगा प्रयोग सांगते. कोकणच्या वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुना आहे. मग लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील, ते बेसाल्टमधून आलेले.

रविवारकर
प्रयोग केला! लगेच ओरडू नका, वाळू टेकडीवरून आणलेली नाही. मुलाच्या सँडलमधून आणि माझ्या पँटच्या दुमडीतून चमचाभर निघाली, पुळणीवरचीच. व्हिनेगर टाकल्याबरोबर सोड्यासारखी फसफसली. चुंबकाला काळी दाढी आली. मग तुलनेला समोरच्या बांधकामावरची चिमूटभर नदीची वाळू आणली. ती गप्प. पण दोन-तीन पांढऱ्या खड्यांवर मात्र बुडबुडे आले. ते कसे? पुण्यात समुद्र कुठला?

नीता_भू
शाब्बास, दोन्ही वाळूंवर केलंत! ते खडे म्हणजे कंकर, चुनखडी. आपल्याकडच्या नद्यांच्या काठच्या जुन्या मातीत चुना साखळून होतात. समुद्राचा संबंध नाही. म्हणून नुसत्या फसफसण्यावर निकाल द्यायचा नाही, भिंगाखाली कण बघायचा.

अण्णा_शनिवार
हेच मी उकिरड्याबद्दल म्हणत होतो.

रविवारकर, पुढच्या खेपेला जाल तेव्हा मला न्या. गुडघे बरे नाहीत, टेकडीवर चढणार नाही. खाली खुर्ची टाकून तो थर स्वतः बघीन, मग काय ते ठरवीन. मोदकांचं आधी सांगून ठेवा.

रविवारकर
नक्की, अण्णा. दिवाळीनंतर ओहोटी बघून तारीख काढू. गाडीत पुढची सीट तुमची.

तूर्त घरात वेगळाच प्रश्न उभा आहे. वाळू मी चहाच्या गाळणीत धुतली, ते आईला आज सकाळी कळलं.